गाठीतला बिघाड म्हणजे रक्तातला दोष नव्हे

सदर : आरोग्य आपल्या घरी



गेल्या महिन्यातल्या एका रविवारची गोष्ट. दुपारची जेवणे उरकून आम्ही जरा पडलो होतो, तोच दार वाजले. बिबवेवाडीच्या अप्पर इंदिरानगरातली ओळखीची मुलगी दारात उभी. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत एक्स-रेची मोठी पाकिटे आणि कागदांचा गठ्ठा. ''जयभीम काका'' म्हणाली आणि बसायच्या आधीच एक कागद माझ्यापुढे धरला.

मी काही डॉक्टर नव्हे. उभी नोकरी रक्त-लघवी तपासण्याच्या लॅबमध्ये गेली, एवढेच. पण वस्तीत कुणाला रिपोर्ट उमगला नाही की तो आमच्या घरी येतो. मला कळेल तेवढे मी सांगतो आणि कळत नाही तिथे डॉक्टरांकडे पाठवतो.

कागद तिच्या आईचा होता. ही माउली वीस वर्षे मार्केट यार्डात कांदा-बटाटा निवडायला जात होती. विडी-सिगारेट कधी हातात धरली नाही. वय एक्कावन्न. खोकला सुरू झाला तेव्हा एका दवाखान्यात टीबी समजून औषध चालू केले. थुंकीत जंतू सापडले नव्हते, तरी कित्येक महिने तेच औषध चालले. पुढे छातीत पाणी झाले, दम लागू लागला, तेव्हा कुठे सीटी स्कॅन आणि बायोप्सी झाली. निदान निघाले फुफ्फुसाच्या कॅन्सरचे. सोबतच्या दुसऱ्या कागदावर लिहिले होते, 'ईजीएफआर म्युटेशन : पॉझिटिव्ह'.

या दुसऱ्या कागदानेच घरात गोंधळ माजवला होता. मुलीचे लग्न हडपसरकडे जवळजवळ ठरले होते. तिच्या मामांनी मोबाइलवर कुठेसे वाचले की म्युटेशन म्हणजे जीनमधला दोष आणि हा दोष आशियातल्या लोकांत जास्त असतो. ही गोष्ट या तोंडाची त्या तोंडाला होत मुलाकडच्यांपर्यंत पोचली. त्यांनी निरोप धाडला, ''जरा थांबू या.''

मुलीने मला तीन प्रश्न विचारले. ''काका, आईचा हा दोष माझ्यातही आला असेल का? आईने कधी विडी ओढली नाही, मग तिला हे का झालं? आणि मामा म्हणतात की हे आपल्या रक्तातच आहे, आपल्या समाजात जास्त असतं, ते खरं का?''

हे तीन प्रश्न एकट्या तिचे नाहीत. ते आज अनेक घरांत कुजबुजत विचारले जातात. म्हणून या वेळचे सदर त्यांच्यासाठी.

आईकडून आलेले आणि नंतर बिघडलेले

आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे. जुन्या पेशी मरतात, नव्या तयार होतात. नवी पेशी तयार होताना जुन्या पेशीतल्या सूचनांची नक्कल उतरवली जाते. झेरॉक्स काढताना एखादी ओळ पुसट यावी तशी कधी कधी नकलेत चूक होते. या चुकीला म्युटेशन म्हणतात. बहुतेक चुका शरीर दुरुस्त करते किंवा ती पेशीच मरून जाते. एखादी चूक मात्र नेमक्या वाईट जागी होते.

ईजीएफआर हे पेशीच्या पृष्ठभागावरचे एक बटण समजा. शरीराला गरज असेल तेव्हा ते दाबले जाते आणि पेशी वाढते. गरज संपली की बटण सुटते, वाढ थांबते. रिक्षाचे उदाहरण घ्या. मूठ पिळली की रिक्षा पळते, सोडली की मंदावते. पण ॲक्सिलरेटरची केबलच अडकली तर? मूठ सोडली तरी रिक्षा पळतच राहते. या म्युटेशनमध्ये नेमके हेच घडते. बटण दाबलेल्या स्थितीत अडकते, पेशी वाढतच जाते आणि तिची गाठ होते.

आता महत्त्वाची गोष्ट ऐका. ही केबल आईच्या फुफ्फुसातल्या एका पेशीत अडकली आणि तीही तिच्या जन्मानंतर कधीतरी. तिच्या हाताच्या, पोटाच्या किंवा गर्भाशयाच्या पेशींत ती चूक नाही.  मग ती मुलीत येणार कशी? जन्मतःच वारशाने येणारे ईजीएफआरचे दोष जगात अगदी विरळ घराण्यांत सापडलेले आहेत. एरवी फुफ्फुसाच्या गाठीत सापडणारे हे म्युटेशन त्या गाठीपुरतेच असते. रिपोर्टवर 'जीन' हा शब्द आहे म्हणून आजार खानदानी ठरत नाही.

स्तनाच्या आणि अंडाशयाच्या काही कॅन्सरांत मात्र वारशाने येणारे दोष असतात. तिथे डॉक्टर घरातल्या इतरांनाही तपासायला सांगतात. ती गोष्ट निराळी. दोन्हींची गल्लत करू नये.

विडी न ओढता कॅन्सर कसा?

फुफ्फुसाचा कॅन्सर म्हणजे विडी-सिगारेट, हे आपल्या डोक्यात पक्के बसले आहे. ते खोटे नाही. तंबाखूचा धूर हे या रोगाचे सर्वांत मोठे कारण आहे आणि राहील. पण मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने आपल्याकडे आलेल्या ४८९ रुग्णांचा हिशेब २०१२ साली प्रसिद्ध केला, तेव्हा त्यातले ५२ टक्के रुग्ण कधीच धूम्रपान न केलेले निघाले. म्हणजे निम्म्याहून अधिक! पाश्चात्त्य देशांत चित्र उलटे आहे, तिथले बहुतेक रुग्ण धूम्रपान करणारे असतात. शिवाय आपल्याकडे हा रोग तिकडच्यापेक्षा साधारण दहा वर्षे आधी गाठतो. म्हणजे ऐन कमावत्या वयात.

मग कारण काय? कारणे एकाहून अधिक आहेत. घरातल्या दुसऱ्याच्या विडीचा धूर, चुलीचा धूर, कारखान्यातली विशिष्ट धूळ आणि रस्त्यावरची हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१३ साली बाहेरच्या प्रदूषित हवेला कॅन्सरच्या निश्चित कारणांच्या यादीत घातले. तंबाखूचा धूर ज्या यादीत आहे त्याच यादीत.

२०२३ साली लंडनच्या शास्त्रज्ञांनी याची एक कडी उलगडली. इंग्लंड, दक्षिण कोरिया, तैवान आणि कॅनडा इथल्या नोंदी आणि उंदरांवरचे प्रयोग यांच्या आधारे त्यांनी दाखवले की वय वाढते तसे निरोगी फुफ्फुसातही ईजीएफआरची चूक असलेल्या थोड्या पेशी आढळतात. त्या गप्प पडून असतात. हवेतले अतिसूक्ष्म कण छातीत गेले की त्यांना पकडायला शरीराच्या संरक्षक पेशी धावतात आणि तिथे दाह पेटतो. त्या दाहाने या झोपलेल्या पेशी जाग्या होतात. म्हणजे ज्या संरक्षणाने आपल्याला वाचवायचे, तेच सततच्या धुराने चिडून घात करते.

मार्केट यार्डातल्या ट्रकांच्या धुरात, पाचटाच्या आणि कचऱ्याच्या धुरात वीस वर्षे बसणाऱ्या बाईने कोणते व्यसन केले होते? तिचा कॅन्सर नेमका याच धुराने झाला असे कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. पण ''काहीतरी केलं असेल म्हणून झालं'' असे तिच्यामागे बोलणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आशियातल्यांना वेगळे औषध?

आता मामांच्या बोलण्याकडे येऊ. त्यांनी वाचले ते अर्धे खरे आहे, आणि अर्धे खरेच जास्त घोळ घालते.

अडकलेले बटण बंद करणारी गोळी आहे. तिचे नाव जेफिटिनिब. ती आली तेव्हा कुणाला गुण येतो आणि कुणाला नाही, हे कोडे होते. २००५ साली एका मोठ्या चाचणीचा निकाल आला. एकूण रुग्णांचा हिशेब केला तर गोळीने आयुष्य वाढलेले दिसले नाही. पण त्यातले आशियाई वंशाचे रुग्ण आणि कधी धूम्रपान न केलेले रुग्ण वेगळे काढले, तर त्यांना फायदा दिसत होता. तेव्हा पुष्कळांना वाटले, ही आशियाई लोकांची गोळी.

पण त्याआधीच, २००४ साली, अमेरिकेतल्या बॉस्टनच्या शास्त्रज्ञांनी खरी किल्ली शोधली होती. ज्यांच्या गाठीत ईजीएफआरचे बटण अडकलेले असते त्यांनाच ही गोळी लागू पडते. मग पूर्व आशियातल्या १,२१७ रुग्णांवर चाचणी झाली, तिचा निकाल २००९ साली आला. सगळे रुग्ण आशियाई, बहुतेक धूम्रपान न करणारे. तरीही त्यांच्यात दोन तऱ्हा दिसल्या. ज्यांच्या गाठीत म्युटेशन होते त्यांना सलाइनच्या केमोपेक्षा गोळी सरस ठरली. ज्यांच्या गाठीत नव्हते त्यांना गोळीने उलट कमी गुण आला, त्यांना केमोच बरी होती.

या एका चाचणीत सगळे सार आहे. माणूस आशियातला आहे एवढ्यावर औषध दिले असते तर म्युटेशन नसलेल्या रुग्णांचे नुकसान झाले असते. वंश पाहून अंदाज बांधता येतो, पण उपचार ठरतो तो गाठीच्या तपासणीवर.

मग लोकसमूहांतला फरक मोजायचाच कशाला? त्याचेही उत्तर आहे. फुफ्फुसाच्या ज्या प्रकारच्या कॅन्सरात हे म्युटेशन मुख्यतः सापडते, त्यात गोऱ्या पाश्चात्त्य रुग्णांत त्याचे प्रमाण साधारण १० ते १५ टक्के असते. चीन, जपान, कोरिया इकडे ते ४० ते ५० टक्क्यांच्या घरात जाते. आपले काय? ते ठाऊक नव्हते. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी आणि शास्त्रज्ञांनी ९०७ भारतीय रुग्णांच्या गाठी तपासून २०१३ साली आकडा मांडला, २३ टक्के. बायकांत आणि धूम्रपान न करणाऱ्यांत प्रमाण अधिक. म्हणजे आपण ना युरोपासारखे, ना चीनसारखे. जवळजवळ चारांतल्या एका रुग्णाला साध्या गोळीचा उपयोग होऊ शकतो, हे त्या मोजणीमुळे कळले. मोजणी झाली नसती तर ''भारतात ही तपासणी करून काय उपयोग?'' असे म्हणून ती गरिबाला कुणी सांगितलीही नसती.

फरक फायद्याचाच असतो असेही नाही. हीच गोळी जपानमध्ये २००२ साली आली, आणि काही महिन्यांतच फुफ्फुसाला सूज येऊन रुग्ण दगावल्याच्या नोंदी होऊ लागल्या. हा त्रास जपानी रुग्णांत इतरांपेक्षा अधिक दिसला. म्हणून गोळी चालू असताना अचानक दम वाढला तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

जगातल्या जनुकांच्या मोठ्या अभ्यासांत भाग घेतलेल्या माणसांपैकी ७८ टक्के युरोपीय वंशाची होती, असे २०१९ साली झालेल्या मोजदादीत आढळले. ज्यांच्या गाठी तपासल्या जातात त्यांच्यासाठी औषधे निघतात. बाकीचे जग उसन्या आकड्यांवर चालते.

शरीराचे शिपाई आणि महागडे इंजेक्शन

या मुलीच्या घरी आणखी एक वाद चालू होता. कुणीतरी सांगितले होते की ''इम्युनोथेरपीचं इंजेक्शन घ्या, घर गहाण पडलं तरी चालेल.'' त्याबद्दलही सांगतो.

आपल्या रक्तात संरक्षक पेशी असतात, शरीराचे शिपाईच. ते प्रत्येक पेशीच्या दारावर मांडलेल्या खुणा वाचतात. खूण परकी वाटली तर हल्ला करतात. शिपायांनी आपल्याच माणसांना मारू नये म्हणून त्यांना ब्रेकही असतो. कॅन्सरची गाठ चलाख, ती हा ब्रेक दाबून धरते. इंजेक्शनने ब्रेक सुटतो आणि शिपाई पुन्हा कामाला लागतात. या ब्रेकांच्या शोधाबद्दल जपानचे तासुकू होंजो आणि अमेरिकेचे जेम्स ॲलिसन यांना २०१८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

पण ब्रेक सुटला तरी शिपायाला परकी खूण दिसली पाहिजे ना? वर्षानुवर्षे विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या गाठीत पुष्कळ चुका साठलेल्या असतात, म्हणून परक्या खुणाही पुष्कळ. धूम्रपान न केलेल्या माणसाच्या, ईजीएफआर बटण अडकलेल्या गाठीत चुका थोड्या, खुणा थोड्या. त्यामुळे अशा रुग्णांना या इंजेक्शनचा गुण सहसा कमी येतो. शिवाय खुणा दाखवणारी दारावरची चौकट माणसागणिक वेगळी असते. किडनी बदलताना जुळते की नाही ते पाहतात, तीच ही चौकट. वेगवेगळ्या लोकसमूहांत तिचे वेगवेगळे प्रकार आढळतात. म्हणून एका देशातला अनुभव दुसऱ्या देशाला जसाच्या तसा लावता येत नाही.

डोसाचेही तसेच आहे. टाटा मेमोरियलमध्ये तोंड-घशाच्या वाढलेल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवर चाचणी झाली, तिचा निकाल २०२२ साली जाहीर झाला. अशा इंजेक्शनाचा नेहमीचा डोस २४० मिलिग्रॅमचा. तिथे नेहमीच्या औषधांबरोबर फक्त २० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी दिले. वर्षानंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवरून सुमारे ४३ टक्क्यांवर गेले. हा निकाल फुफ्फुसाच्या कॅन्सरचा नाही, हे लक्षात ठेवावे. पण गरिबाचा विचार करून संशोधन केले तर काय निघते, ते यातून दिसते.

तेव्हा घर गहाण टाकण्याआधी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा, ''गाठीची तपासणी काय सांगते?'' ईजीएफआर पॉझिटिव्ह असेल तर आधी गोळीचा विचार होतो. जेफिटिनिब आपल्या देशातल्या कंपन्या बनवतात, ती त्या इंजेक्शनांच्या मानाने पुष्कळ स्वस्त आहे. टाटा मेमोरियलच्याच ३५० रुग्णांच्या चाचणीत, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, गोळीबरोबर केमो दिल्यावर रोग आटोक्यात राहण्याचा काळ ८ महिन्यांवरून १६ महिन्यांवर गेला. त्रासही वाढला, म्हणून ते प्रत्येकाला झेपत नाही. रोग फुफ्फुसाबाहेर पसरलेला असेल तर गोळीने तो मुळातून जात नाही, हेही खरे. काही काळाने तो बहुधा वाट काढतो. पण तो मधला काळ श्वास घेत, चालत-बोलत, घरच्यांत बसून जातो. त्याचे मोल त्या घरालाच ठाऊक.

रक्त आणि भिंत

आता तिसरा प्रश्न. हे आपल्या समाजाच्या रक्तात आहे का?

नाही. २३ टक्क्यांचा तो आकडा देशभरातून आलेल्या भारतीय रुग्णांचा आहे, एका जातीचा नव्हे. पूर्वजांच्या वंशाचा आणि गाठीतल्या म्युटेशनचा काही संबंध असावा, असे मेक्सिको आणि कोलंबियातल्या १,१५३ रुग्णांच्या २०२१ सालच्या अभ्यासात दिसले. पण ती गोष्ट खंडाखंडांतून हजारो वर्षे पसरलेल्या लोकांची आहे. पुण्यातल्या दोन आळ्यांतल्या माणसांची नाही.

बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात निबंध वाचला. जातीचे मूळ लक्षण म्हणजे जातीतल्या जातीत लग्न, असे त्यांनी त्यात मांडले. भारतातले लोक मिसळलेलेच आहेत, भिंत लग्नाची आहे, हा त्यांचा मुद्दा. जवळजवळ शंभर वर्षांनी, २०१३ साली, हैदराबादच्या सीसीएमबी या प्रयोगशाळेने आणि अमेरिकेतल्या हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी जनुके तपासून सांगितले की साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात भारतभर लोकसमूहांची मिसळ होत होती. जातीतल्या जातीत लग्ने करण्याची चाल त्यानंतर आवळत गेली. म्हणजे मिसळ आधीची, भिंत नंतरची.

आपण ''आमच्या रक्तातच आहे'' असे म्हणतो तेव्हा ती भिंत आपणच पुन्हा बांधतो. आणि त्या भिंतीत एका पोरीचे लग्न अडकते.

घरातल्यांनी काय करावे

१. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या. टीबी निघाला तर औषध पुरे करा. पण जंतू सापडले नसताना औषध चालू केले असेल आणि महिना-दोन महिन्यांत उतार पडला नाही, तर ''सीटी स्कॅन करू या का?'' असे स्वतःहून विचारा.

२. थुंकीत रक्त, वजन घटणे, आवाज बसणे, छातीत पाणी होणे, ही लक्षणे अंगावर काढू नका. बाई विडी ओढत नाही म्हणून कॅन्सर नसणारच, असे समजू नका.

३. बायोप्सीत फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला तर गाठीची म्युटेशन तपासणी झाली का ते विचारा. रोग वाढलेला असेल तर औषध ठरवण्याआधी तो रिपोर्ट हातात असलेला बरा.

४. ईएसआयचे कार्ड असेल तर बिबवेवाडीच्या ईएसआय रुग्णालयात जाऊन पुढच्या उपचारासाठी कुठे पाठवतात ते विचारा. कार्ड नसेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. मोठ्या रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवकाचा कक्ष असतो, आधी तिथे जा.

५. सगळे कागद एका फाइलीत, तारखेप्रमाणे लावून ठेवा.

६. घरात विडी-सिगारेट बंद. ओढणाऱ्याने दारात उभे राहून ओढली तरी धूर आत येतोच. अंगणात कचरा जाळू नका, पाणी तापवायची चूल घराच्या तोंडाशी नको.

त्या मुलीला मी हे सगळे एका बैठकीत सांगितले नाही. त्या दिवशी एवढेच म्हणालो, ''बाळ, हा दोष आईच्या गाठीत आहे, तुझ्यात नाही. तुझ्या डॉक्टरांनाही विचार आणि त्यांच्याकडून लिहून घे.'' तिने विचारले. डॉक्टरांनी केसपेपरवर दोन ओळी लिहून दिल्या.

पुढच्या रविवारी तो कागद घेऊन तिचे वडील आणि मी हडपसरला गेलो. मुलाच्या आईने कागद वाचून घेतला, पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाल्या, ''आम्हाला कुणी असं सांगितलंच नव्हतं.'' लग्नाचे अजून पक्के झालेले नाही, विचार करून सांगतो म्हणाले आहेत. पण निघताना त्यांनी आईच्या तब्येतीची चौकशी केली आणि डब्यात लाडू दिले.

आईची गोळी चालू आहे. चेहऱ्यावर पुरळ आले आहे, जुलाब होतात. डॉक्टर म्हणाले, हे या गोळीचे नेहमीचे त्रास आहेत, पण कळवत राहा. दम मात्र बराच कमी झाला. परवा त्या स्वतः जिना उतरून खाली आल्या आणि ओट्यावर बसून लसूण सोलत होत्या.